डोंगरवाटेवरील पहिले धडे

सायकल शिकलों तो दिवस आपणांपैकीं बहुतेकांच्या स्मरणांत असेल. भाड्यानें आणलेली, अंगापेक्षां मोठी सायकल, दांड्याखालून पाय घालून मारलेलीं अर्धीं पायडलें, मागून बैठक धरून धांवणारा थोरला भाऊ किंवा मामा, "धरली आहे रे, धरली आहे!" हें त्याचें आश्वासन; आणि त्यानें हात केव्हांच सोडला आहे हें मागें वळून पाहतांक्षणींच आपलें झालेलें पतन! गुडघा फुटतो, कोपर सोलवटतें, घरीं बोलणीं बसतात. परंतु दोनचार दिवसांत आपलें शरीर असें कांहीं तरी शिकून बसतें कीं, तें पुढें जन्मभर विसरत नाहीं. काय शिकलांत, असें कोणीं विचारलें तर मात्र आपणांस सांगतां येत नाहीं. ज्या बाजूला पडत असूं त्याच बाजूला चाक वळवावयाचें, हा त्यांतला मुख्य नियम. पण तो हातांना कळतो, जिभेला कळत नाहीं. भीति नवशिक्याला नेमकें उलट सांगत असते. डावीकडे पडतो आहेस ना, मग उजवीकडे वळ, असा तिचा उपदेश. आणि तो ऐकला कीं मनुष्य पडलाच म्हणून समजावें.

हें सर्व पार पडून सडकेवर वीस वर्षें सायकल चालविलेला एखादा गृहस्थ एके दिवशीं ती घेऊन डोंगराच्या माथ्यावर जाऊन उभा राहतो. समोर सडक नाहीं, पाऊलवाट आहे. तींत सुटे दगड आहेत, झाडांचीं मुळें आहेत, पावसाच्या पाण्यानें खणलेल्या चऱ्या आहेत, आणि पुढचें वळण दिसत नाहीं. त्या क्षणीं त्याची वीस वर्षांची विद्या त्याला सोडून जाते. तो बैठकीवर घट्ट बसतो, हँडल मुठींत आवळतो, नजर पुढच्या चाकावर खिळवितो आणि ब्रेक करकचून दाबतो. ह्या चारही गोष्टी भीतीनें सांगितलेल्या आहेत, आणि चारही त्याला पाडणाऱ्या आहेत. तो पुन्हां नवशिका झाला!

डोंगरवाटेनें सायकल नेण्याच्या ह्या विद्येला आज जगभर 'माउंटन बायकिंग' म्हणतात. १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत तिला मानाचें स्थान मिळालें. तिचीं पुस्तकें आहेत, शिक्षक आहेत, वर्ग आहेत. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें त्या वेळेविषयीं, जेव्हां ह्यांतलें कांहींच नव्हतें. ज्यांना शिकवावयास कोणी नव्हतें, ज्यांच्या हातांत त्या कामाचें यंत्रही नव्हतें, अशा पहिल्या विद्यार्थ्यांची ही हकीकत आहे. त्यांत ज्यांचीं नांवें गाजलीं तेही आहेत, आणि ज्यांचें नांव पुसण्याचा प्रयत्न झाला तेही आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सायकल जन्मली गुळगुळीत सडकेवर आणि मागाहून धाडस म्हणून डोंगरांत शिरली, असें आपणांस वाटतें. वस्तुतः गुळगुळीत सडक हीच मागाहूनची वस्तु आहे. इ. स. १८१७ मध्यें जर्मनींतील मानहाइम गांवीं कार्ल फॉन ड्राइस ह्यानें आपलें दोन चाकांचें लांकडी वाहन बाहेर काढलें, तेव्हां त्याला पायडलें नव्हतीं. पायांनीं जमीन मागें रेटीत जावयाचें, आणि तोल सांभाळतां आला कीं पाय उचलावयाचे. आज लहान मुलांना पायडलांवांचूनची सायकल देऊन आधीं तोल शिकवितात; म्हणजे दोनशें वर्षांनंतर आपण ड्राइसच्याच शाळेंत परत गेलों. १८८५ सालीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली ह्यानें दोन सारख्या चाकांची, चेनीनें मागचें चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल बनविली. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप ह्यानें हवा भरलेल्या टायरची सनद मिळविली. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि पुढच्या दहा वर्षांत युरोप व अमेरिका सायकलीच्या वेडानें झपाटून गेलीं. परंतु शहराबाहेर पडलें कीं रस्ता म्हणजे गाड्यांच्या चाकोऱ्या आणि चिखल. त्या काळचा लांब पल्ल्याचा प्रत्येक सायकलस्वार नकळत खडतर वाटेचाच स्वार होता.

अशा काळीं, १८९६ च्या उन्हाळ्यांत, अमेरिकेच्या वायव्येस माँटाना राज्यांत मिझूला गांवच्या लष्करी ठाण्यावर एक प्रयोग सुरू झाला. तेथें पंचविसावी पायदळ पलटण होती. अमेरिकेंतील यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय सैनिकांच्या ज्या चार पलटणी कायम ठेवण्यांत आल्या, त्यांपैकीं ही एक. शिपाई कृष्णवर्णीय, वरचे अधिकारी गोरे, आणि ठाणें बहुधा दूरच्या रानांत, अशी त्या काळची रीत. ह्या पलटणींत जेम्स मॉस नांवाचा तरुण लेफ्टनंट होता. १८९४ सालीं वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांतून तो वर्गांत अगदीं शेवटच्या क्रमांकानें उत्तीर्ण झालेला. पण कल्पनेनें आणि चिकाटीनें पुष्कळ पुढें असलेला. घोड्याला दाणा लागतो, पाणी लागतें, तो खिंकाळतो आणि दुरून दिसतो. सायकलीला ह्यांतलें कांहींच लागत नाहीं. तेव्हां शिपायांना सायकलीवर कां बसवूं नये, असा त्याचा प्रश्न होता. सैन्याचे प्रमुख जनरल नेल्सन माइल्स हे स्वतः ह्या कल्पनेला अनुकूल असल्यामुळें त्याला परवानगी मिळाली. आठ शिपायांचें एक लहानसें पथक तयार झालें.

ह्या आठ जणांचा अभ्यासक्रम मोठा मनोरंजक आहे. रोज पंधरापासून चाळीस मैलांपर्यंत रपेट, कवाईत, आणि आडवे आलेले अडथळे सायकलीसह ओलांडणें. नऊ फूट उंचीचें कुंपण सर्व सामानानिशीं वीस सेकंदांत पार करावयास ते शिकले. कुंपणावरून सायकल उडवीत नेण्याचा हा खेळ नव्हे. खालीं उतरून ती उचलावयाची, पलीकडच्याच्या हातीं द्यावयाची, आणि लगेच पुन्हां स्वार व्हावयाचें. डोंगरी सायकलविद्येचा पहिला धडा असा जमिनीवर उभें राहून शिकला गेला. सायकलीवरून वेळेवर उतरतां येणें हेंही सायकल चालविण्याचेंच एक अंग आहे, हा तो धडा.

त्या ऑगस्ट महिन्यांत पथक प्रथम मिशन पर्वताच्या बाजूला मॅकडोनाल्ड सरोवरापर्यंत जाऊन आलें. जाऊन येऊन १२६ मैल. पाऊस, वाटेवर आडवीं पडलेलीं झाडें, फुगलेले ओढे. जेथें चाक चालेना तेथें सायकली उचलून न्याव्या लागल्या. परत येऊन थोडी विश्रांति घेतात न घेतात तोंच तीं माणसें यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानाकडे निघालीं. तो प्रवास जाऊन येऊन सुमारें ८०० मैलांचा झाला. तेथल्या उष्ण झऱ्यांनीं घडविलेल्या पांढऱ्या पायऱ्यांवर हे शिपाई आपापल्या सायकली घेऊन उभे आहेत, असें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तें पाहतांना मनांत येतें कीं, ह्या लोकांना आपण कांहीं नव्या खेळाचे आद्य पुरुष आहोंत ह्याची कल्पनाही नसेल. त्यांना हुकूम होता, ते गेले.

परंतु खरी परीक्षा पुढच्या वर्षीं झाली. १८९७ च्या जून महिन्याच्या १४ तारखेस वीस शिपाई, लेफ्टनंट मॉस, लष्करी डॉक्टर जेम्स केनेडी आणि एडवर्ड बूस नांवाचा एक एकोणीस वर्षांचा वार्ताहर अशी तेवीस माणसें मिझूला येथून सेंट लुइस शहराकडे निघालीं. अंतर १,९०० मैल. शिपायांचा म्होरक्या होता सार्जंट मिंगो सँडर्स. हें नांव कृपा करून लक्षांत ठेवावें, त्याच्याकडे आपणांस शेवटीं परत यावयाचें आहे. पथकांत जॉन फिंडली नांवाचा एक शिपाई होता. लष्करांत येण्यापूर्वीं त्यानें सायकलीच्या कारखान्यांत काम केलेलें असल्यामुळें दुरुस्तीचा सारा भार त्याच्यावर होता. सायकली स्पॉल्डिंग कंपनीच्या; पोलादी कडांच्या. पांघरूण, तंबूचें कापड, शिधा, भांडीं हें सर्व लादल्यावर एकेका सायकलीचें वजन साठ पौंडांच्या घरांत जाई. शिवाय प्रत्येकाजवळ बंदूक आणि पन्नास काडतुसें. शिध्याचे गठ्ठे सुमारें शंभर शंभर मैलांवर आगाऊ पाठवून ठेवलेले होते.

येथें त्या यंत्राविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळच्या बहुतेक सायकलींचीं पायडलें चाकाबरोबर सतत फिरत असत. आपण उतारावर पाय थांबवून निवांत बसतों, ती सोय सार्वत्रिक झाली ती शतक संपतां संपतां. गिअर बदलण्याचीही सोय नव्हती. म्हणजे चढ कितीही उभा असो, पायाला तोच एक भार. आणि उतार कितीही वेगाचा असो, पाय चाकाच्या गतीनें गरगरा फिरावयाचे, नाहीं तर ते पायडलांवरून काढून घ्यावयाचे. आज नवशिक्याला पहिलाच पाठ देतात तो असा कीं, उतारावर दोन्ही पायडलें समपातळींत धरून त्यांवर उभें राहावें. त्या शिपायांना हा पाठ कोणीं सांगितला असता तरी त्यांच्या यंत्रावर तो गिरवितां आला नसता!

अशा सायकलींवरून त्यांनीं रॉकी पर्वताची मुख्य रांग ओलांडली. माँटानांत पाऊस लागला. तेथली माती चिकट. चाकाला अशी लिंपून बसे कीं चार पावलांवर चाक फिरेनासें होई, आणि ती खरवडून काढल्यावांचून पुढें जातां येत नसे. वाट अगदींच बुडाली म्हणजे ते आगगाडीच्या रुळांमधून जात. रुळांखालच्या लांकडांवरून सायकल नेणें म्हणजे काय, हें ज्यानें फरशीच्या जिन्यावरून ती उतरविली आहे त्याला थोडेंफार कळेल. मैलच्या मैल प्रत्येक हातभर अंतरावर एक दणका. पुढें नेब्रास्कांत वाळूच्या टेकड्या लागल्या. चाकें वाळूंत रुतत, उष्णता १०० अंशांच्या वर, आणि खारट पाण्यानें अनेकांचीं पोटें बिघडलीं. तेथें कित्येक दिवस सायकलीवर बसणें असें जवळजवळ झालेंच नाहीं; रुळांच्या कडेनें ती ढकलीत न्यावी लागली.

२४ जुलै रोजीं पथक सेंट लुइस येथें पोहोंचलें. एकंदर एकेचाळीस दिवस, त्यांपैकीं प्रत्यक्ष प्रवासाचे चौतीस. दर दिवशीं सरासरी छपन्न मैल. तासाला सरासरी सहा मैलांहून किंचित् अधिक. आजच्या वेगवान् स्वाराला हा आंकडा ऐकून हंसूं येईल. पण ह्या सरासरींत उपसलेला चिखल आहे, तुडविलेली वाळू आहे, ठोकून सरळ केलेलीं चाकें आहेत. गति हें ह्या विद्येचें शेवटचें फळ आहे. पहिलें फळ म्हणजे वाटेवर टिकून राहणें, आणि तें ह्या शिपायांनीं पदरांत पाडून घेतलें होतें.

सेंट लुइसच्या सायकलस्वारांनीं गांवाबाहेर येऊन त्यांचें स्वागत केलें. फॉरेस्ट पार्कमधील त्यांची छावणी पाहावयास लोकांनीं गर्दी केली. मॉसला येथून पुढें आणखी प्रवास करावयाचा होता. वरून नकार आला. पथक आगगाडीनें परत गेलें. दुसऱ्या वर्षीं स्पेनशीं युद्ध सुरू झालें, पलटण क्यूबांत लढावयास गेली, आणि प्रयोग तेथेंच संपला. त्या माणसांनीं चाळीस दिवसांत अंगांत मुरविलेलें ज्ञान कोणीं लिहून घेऊन पुढच्यांच्या हातीं दिलें नाहीं.

ह्यानंतर पाऊणशें वर्षें मध्यें गेलीं. मोटारी आल्या, मोटारींसाठीं डांबरी सडका आल्या, आणि त्या सडकांसाठीं सायकल अधिकाधिक हलकी, बारीक टायरांची, पुढें वांकून बसण्याची होत गेली. मधूनमधून कोणी आडवाटेला लागे. इंग्लंडांत तर १९५५ सालीं अशा आडवाटेच्या प्रेमिकांनीं 'रफ-स्टफ फेलोशिप' नांवाची मंडळी स्थापन केली. पण डोंगरवाटेसाठीं निराळी सायकल आणि निराळी विद्या हवी, ही कल्पना रुजली ती अमेरिकेच्या दुसऱ्या टोंकाला, कॅलिफोर्नियांत.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, खाडी ओलांडून गेलें कीं मॅरीन परगणा लागतो. तेथें टमाल्पाइस नांवाचा सुमारें २,५७० फूट उंचीचा डोंगर आहे. वणवे विझविण्यासाठीं त्या भागांतल्या डोंगरांवरून कच्चे रस्ते खणलेले आहेत. १९७० नंतरच्या दशकांत तेथले कांहीं तरुण भंगारांतून जुन्या सायकली विकत घेऊन त्या रस्त्यांनीं खालीं येण्याचा खेळ खेळूं लागले. ह्या सायकली बहुतेक १९३३ नंतरच्या काळांतल्या. मुलांसाठीं बनविलेल्या, जाडजूड सांगाड्याच्या, फुगीर टायरांच्या. वजन चाळीस-पन्नास पौंड. ब्रेक एकच, मागच्या हबमध्यें बसविलेला. पायडल उलट दाबलें कीं लागणारा. म्हणजे मिझूलाच्या शिपायांना नसलेली सोय ह्यांना मिळाली होती. उतारावर पाय स्थिर ठेवतां येत होते, पायडलांवर उभें राहतां येत होतें. पण थांबविण्याची सारी शक्ति मागच्याच चाकांत. आणि उतारावर मागच्या चाकावर भार तो किती राहणार? ब्रेक दाबला कीं चाक थबके आणि सायकल वाकडीतिकडी घसरूं लागे. ह्या घसरण्यालाच त्यांनीं कलेचें रूप दिलें.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजीं फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका उतारावर त्यांनीं पहिली शर्यत लावली. लांबी दोन मैलांहून थोडी अधिक, आणि तेवढ्यांत १,३०० फुटांचा उतार. खालीं पोहोंचेपर्यंत ब्रेकचा हब इतका तापे कीं आंतलें वंगण जळून त्याचा धूर निघे. पुन्हां वंगण भरल्यावांचून सायकल कामाची राहत नसे. वंगण पुन्हां भरण्याला इंग्रजींत जो शब्द आहे, तोच त्या उताराला चिकटला आणि त्याचें नांव पडलें 'रीपॅक'. त्या पहिल्या शर्यतींत अ‍ॅलन बाँड्स विजयी झाला. त्याचें कारण ऐकण्यासारखें आहे. उतरलेल्या सर्वांत न पडलेला तो एकटाच होता! पुढें गॅरी फिशर ह्यानें हाच उतार ४ मिनिटें २२ सेकंदांत उतरून उच्चांक केला. जो ब्रीझ दोनच सेकंदांनीं मागें राहिला. वेंडी क्रॅग ह्या बाईंनींही तोच उतार त्याच जड सायकलींवरून उतरून स्त्रियांतील उच्चांक केला, आणि त्या दिवसांचीं पुष्कळशीं छायाचित्रें आज आहेत तींही त्यांच्याच हातचीं.

ह्या मंडळींचें वैशिष्ट्य असें कीं, पडल्यावर ते दोन प्रश्न विचारीत. माझें काय चुकलें, हा एक. आणि सायकलीचें काय चुकलें, हा दुसरा. मिझूलाच्या शिपायांना दुसरा प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. सायकल सरकारनें दिली तशी चालवावयाची. मॅरीनमध्यें स्वार आणि कारागीर एकच होता. जुने सांगाडे मोडूं लागले म्हणून जो ब्रीझनें १९७७ सालीं क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादी नळ्यांचा नवा सांगाडा ह्याच कामासाठीं बनविला. चढावर सायकल ढकलून दमल्यामुळें गिअर बसविले. मागच्या ब्रेकाच्या धुरानें शिकविलें म्हणून दोन्ही चाकांना हातानें दाबण्याचे ब्रेक बसविले. १९७९ सालीं टॉम रिचीनें बनविलेले सांगाडे घेऊन गॅरी फिशर आणि चार्ली केली ह्यांनीं 'माउंटनबाइक्स' ह्या नांवानें दुकान मांडलें, आणि त्या दुकानाचें नांव पुढें साऱ्या जातीचें नांव झालें. १९८१ सालीं 'स्टंपजंपर' नांवाची सायकल बाजारांत आली. तेव्हांपासून ही सायकल मोठ्या संख्येनें कारखान्यांतून बाहेर पडूं लागली.

ह्यांतलें एक लहानसें उपकरण मला फार बोलकें वाटतें. चढावर बैठक उंच हवी, म्हणजे पाय पूर्ण लांब होऊन जोर लागतो. उतारावर ती खालीं हवी, म्हणजे अंग मागें व खालीं नेतां येतें. दर वेळीं थांबून ती खालींवर कोण करणार? १९८४ सालीं ब्रीझ आणि त्याचा मित्र जॉश एंजल ह्यांनीं एक साधी स्प्रिंग बनविली. चालत्या सायकलीवर खिट्टी सैल करून बैठक दाबली कीं खालीं जाई, अंग उचललें कीं वर येई. आज हेंच काम हँडलावरच्या एका कळीनें होतें. नवशिक्या ती कळ सहज दाबतो. पण त्या कळींत किती जणांचीं उतारावरचीं पालथीं पडणीं साठविलेलीं आहेत!

आतां त्या नवशिक्याकडेच वळूं. आजचा शिक्षक त्याला जे पाठ देतो ते फार थोडे आहेत. त्याला प्रथम सपाट मैदानांत नेतात, डोंगरावर नव्हे. तेथें पहिला पाठ उभें राहण्याचा. पायडलें समपातळींत, गुडघे व कोपरें किंचित् वांकलेलीं, भार पायांवर, हात हलके. बैठकीला चिकटून बसलेल्या माणसाला प्रत्येक दगडाचा धक्का कण्यांतून डोक्यापर्यंत पोहोंचतो; पायांवर उभा असलेल्याचे गुडघे तो धक्का गिळतात, आणि सायकल खालच्या खालीं नाचत राहते. दुसरा पाठ नजरेचा. पुढच्या चाकाकडे न पाहतां दहा-पंधरा पावलें पुढें पाहावयाचें. ज्या दगडाकडे टक लावून पाहावें त्याच दगडावर चाक जाऊन आदळतें, हा अनुभव प्रत्येकाला येतो. कारण डोळे जिकडे तिकडे खांदे, आणि खांदे जिकडे तिकडे चाक. तेव्हां दगडाकडे न पाहतां दगडाशेजारच्या वाटेकडे पाहावें.

तिसरा पाठ ब्रेकाचा, आणि तो सर्वांत कठीण. वेग कमी करूं लागलें कीं भार पुढच्या चाकावर सरकतो. म्हणून थांबविण्याची खरी शक्ति पुढच्या ब्रेकांत आहे. पण तोच एकदम आवळला तर चाक थबकतें आणि स्वार हँडलावरून पुढें जातो. ह्या धास्तीनें नवशिका फक्त मागचाच दाबतो आणि रीपॅकच्या वीरांप्रमाणें घसरत जातो. दोन्ही ब्रेक, एकेका बोटानें, हळूहळू, आणि वळण येण्यापूर्वीं. वळणांत शिरल्यावर चाकाला मोकळें फिरूं द्यावयाचें, कारण घसरणारें चाक वळत नाहीं. चौथा पाठ चढाचा. चढ लागण्याआधीं गिअर हलका करावा. अंग पुढें वांकवून बैठकीच्या टोंकावर यावें, म्हणजे पुढचें चाक उचललें जात नाहीं आणि मागचें घसरत नाहीं. टायरांत हवा सडकेच्या मानानें कमी ठेवावी, म्हणजे टायर जमिनीला धरून राहतो. शिरस्त्राण तर हवेंच.

आणि शेवटचा पाठ उतरण्याचा. वाट आपल्या आटोक्याबाहेरची आहे असें वाटलें तर उतरावें, ती जागा पायीं चालून पाहावी, चाक कोठून न्यावयाचें तें ठरवावें. तरीही मन न घेईल तर सायकल हातांत धरून पलीकडे जावें. त्यांत कमीपणा नाहीं. आपल्या सह्याद्रींतल्या वाटांवर हौशी स्वार आतां दिसूं लागले आहेत. त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानीं घ्यावी कीं, ह्या वाटा आधीं पायीं चालणाऱ्यांच्या, गुराख्यांच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बायांच्या आहेत. वाट त्यांना प्रथम द्यावी. आणि पावसाळ्यांत भिजल्या मातींत चाकांनीं चऱ्या पाडूं नयेत, कारण पुढच्या सरींत त्याच चऱ्यांचे ओहोळ होतात. मॅरीनमध्यें हें भान सुटलें म्हणून कित्येक पाऊलवाटा सायकलींना बंद झाल्या आणि तो वाद वर्षानुवर्षें चालला.

इतकें सारें आज शब्दांत सांगतां येतें, हें त्या पहिल्या विद्यार्थ्यांचें आपल्यावरील ऋण आहे. फिशर, ब्रीझ, केली, रिची ह्यांना त्यांच्या हयातींतच मान मिळाला, आणि तो योग्यच मिळाला. परंतु मघाशीं मीं ज्या सार्जंट मिंगो सँडर्सचें नांव लक्षांत ठेवावयास सांगितलें, त्याचें काय झालें?

१९०६ च्या ऑगस्ट महिन्यांत पंचविसाव्या पलटणीचा एक भाग टेक्सास राज्यांतील ब्राउन्सव्हिल गांवीं होता. गांवकऱ्यांना कृष्णवर्णीय शिपाई नको होते. १३ ऑगस्टच्या मध्यरात्रीं गांवांत गोळीबार झाला. एक मनुष्य ठार झाला, एक पोलीस अधिकारी जखमी झाला. दोष शिपायांवर आला. गोळीबाराच्या वेळीं शिपाई बराकींत होते, असें त्यांचे गोरे अधिकारी सांगत होते. पण तें ऐकलें गेलें नाहीं. कोणीच गुन्हा कबूल करीना, कोणीच दुसऱ्याचें नांव सांगेना, तेव्हां अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं कसलीही न्यायालयीन चौकशी न होतां १६७ शिपायांना एकदम मानहीन ठरवून काढून टाकलें. त्यांत सव्वीस वर्षें चाकरी केलेला, क्यूबांत लढलेला, निवृत्तिवेतनाच्या उंबरठ्यावर आलेला मिंगो सँडर्स होता. त्यानें पुन्हां सेवेंत घेण्याविषयीं विनंति केली. ती मान्य झाली नाहीं. १९७२ सालीं, म्हणजे सहासष्ट वर्षांनीं, अमेरिकन सैन्यानें तो हुकूम चुकीचा ठरवून त्या सर्वांना सन्मानपूर्वक निवृत्त झाल्याचें जाहीर केलें. तोंपर्यंत सँडर्स आणि त्याचे जवळजवळ सारे सोबती कालवश झाले होते.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९७४ सालीं, माँटाना विद्यापीठांतील कांहीं कृष्णवर्णीय विद्यार्थी सायकली घेऊन मिझूलाहून सेंट लुइसला गेले. त्याच वाटेनें, त्या तेवीस जणांच्या स्मरणार्थ. रीपॅकची पहिली शर्यत त्याच्यानंतर दोन वर्षांनीं लागली. ह्या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहींही संबंध नव्हता. पण माझ्या मनांत त्या नेहमीं शेजारीं शेजारीं उभ्या राहतात. एका ठिकाणीं नवी विद्या जन्म घेत होती. दुसऱ्या ठिकाणीं तिचे विसरलेले पहिले पाईक कोणाला तरी आठवत होते.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणी, किंवा आपल्या घरांतला एखादा मुलगा वा मुलगी, उद्यां सायकल घेऊन एखाद्या डोंगराच्या माथ्यावर उभी राहील. छातींत धडधडेल, हात आपोआप आवळले जातील. तेव्हां त्यांना एवढेंच सांगावें: मुठी सैल कर, पायांवर उभा राहा, नजर पुढें टाक. आणि जमलें तर हेंही सांगावें कीं, हे तीन शब्द कानांत सांगणारें कोणी नसतांना, साठ पौंडांचें ओझें लादलेली सायकल घेऊन, मिंगो सँडर्स नांवाचा एक सार्जंट वीस माणसांच्या पुढें पर्वत उतरला होता.